टोकियोंत एक दिवस

परक्या देशांतील मोठ्या शहरांत आपल्या हातीं एकच दिवस असला, तर तो कसा घालवावा? हा प्रश्न आज आपल्यापैकीं पुष्कळ कुटुंबांपुढें उभा राहतो. मुलगा किंवा सून नोकरीनिमित्त टोकियोला, आणि आईबाप चार दिवस त्यांच्याकडे पाहुणे, हा प्रकार आतां नवलाचा राहिलेला नाहीं. अशा वेळीं नकाशा घेऊन स्वतःच हिंडावें, मोठ्या बसमधून चाळीस जणांबरोबर जावें, कीं केवळ आपल्यापुरता एक वाटाड्या ठरवावा? माझें मत तिसऱ्या मार्गाकडे झुकतें. तें कां, हें आज सांगावयाचें आहे.

टोकियो हें दिसण्यांत अगदीं नवें शहर आहे. वस्तुतः १६०३ मध्यें तोकुगावा घराण्याची राजवट येथें सुरू झाली, तेव्हां त्याचें नांव एदो होतें; १८६८ मध्यें तें टोकियो झालें. म्हणजे राजधानी म्हणून चारशें वर्षांचा इतिहास. परंतु तितक्या जुन्या इमारती येथें शोधाव्या लागतात. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगींनीं आणि १९४५ च्या बाँबवर्षावानें हें शहर दोनदां जळून गेलें. क्योतो शहरांत जुनें डोळ्यांसमोर उभें असतें. टोकियोंत तें कोणीतरी सांगावें लागतें. म्हणून येथें वाटाड्याचें काम दाखविण्याचें कमी आणि सांगण्याचें अधिक असतें.

हा वाटाड्या निवडावा कसा? परदेशी प्रवाशांना वाट दाखविण्याच्या व्यवसायासाठीं जपाननें १९४९ मध्यें कायदा केला. परकी भाषा, जपानचा इतिहास, भूगोल आणि सामान्य ज्ञान यांची सरकारी परीक्षा उतरल्यावांचून पैसे घेऊन हें काम करण्यास मनाई होती. पुढें प्रवाशांची संख्या फार वाढली आणि २०१८ पासून ही सक्ती उठली. आतां हें काम कोणीहि करूं शकतो. मात्र परीक्षा उतरलेल्यांची पदवी इतरांस लावतां येत नाहीं. तेव्हां आपला वाटाड्या पदवीधारक आहे काय, एवढें आधीं विचारावें. मोबदल्याखेरीज त्याचें गाडीभाडें, प्रवेशमूल्य व दुपारचें जेवण हा खर्च बहुधा आपल्याकडे असतो; तोहि आधींच बोलून ठेवावा. बक्षिसी देण्याची त्या देशांत चाल नाहीं. भाड्याच्या मोटारीचीहि गरज नाहीं, भुयारी आगगाडी सर्वत्र नेते. शाकाहारी मंडळींनीं मात्र तसें अगोदर कळवावें. कारण नुसत्या भाजीच्या रश्श्यांतहि सुक्या माशाचा अर्क घालण्याची तेथें पद्धत आहे.

आम्हीं ठरविलेल्या बाई साठी उलटलेल्या होत्या. सकाळीं आठाला आसाकुसा येथील सेन्सोजी देवळाच्या दरवाजापाशीं भेटावयाचें होतें. आम्ही पोंचलों तेव्हां त्या येऊन उभ्या होत्या. या देवळाची कथा इसवी सन ६२८ पासून सुरू होते. सुमिदा नदींत मासे धरणाऱ्या दोघां भावांच्या जाळ्यांत कान्नोनची मूर्ति सांपडली, अशी ती कथा आहे. कान्नोन म्हणजे आपल्याकडील अवलोकितेश्वर. ती मूर्ति आजहि कोणाला दाखवीत नाहींत. मीं विचारलें, "हें मुख्य देऊळ किती जुनें?" बाई म्हणाल्या, "१९५८ चें. काँक्रीटचें आहे." पांचमजली मनोरा १९७३ चा निघाला, ज्या दरवाजांत सातशें किलो वजनाचा तांबडा कंदील लोंबतो, तो १९६० चा. माझा जरा हिरमोडच झाला.

बाईंनीं तो ओळखला असावा. त्यांनीं आम्हांला गर्दींतून बाजूला नेलें आणि आगींतून वांचलेला १६१८ चा पूर्वेकडील दरवाजा व १६४९ चें शेजारचें शिंतो देऊळ दाखविलें. मग त्या एका गिंको वृक्षापाशीं थांबल्या. वर हिरवीं पानें; बुंध्यावर मात्र कोळशासारखा काळा व्रण. "१० मार्च १९४५," एवढेंच त्या म्हणाल्या. त्या एका रात्रींत सुमारें एक लाख माणसें प्राणांस मुकलीं. जवळच्या कोतोतोइ पुलावर दोन्ही तीरांवरून लोक जीव वांचविण्यासाठीं घुसले आणि मध्येंच अडकून जळाले. "माझी आई तेव्हां दहा वर्षांची होती," बाई सांगूं लागल्या. "घर नदीच्या पलीकडे. सगळे पुलाकडे धांवत होते. आजीनें तिचा हात धरून ठेवला, पुलावर जाऊं दिलें नाहीं." यापुढें त्या कांहीं बोलल्या नाहींत; आम्हींहि विचारलें नाहीं.

तेथून आम्ही नदीच्या पूर्वेस योकोआमी बागेंत गेलों. प्रवासी येथें सहसा येत नाहींत. १ सप्टेंबर १९२३ रोजीं दुपारीं बाराला दोन मिनिटें कमी असतां भूकंप झाला, तेव्हां ही पूर्वीं लष्कराकडे असलेली मोकळी जागा होती. लोक सामानसुमान घेऊन येथें आश्रयाला आले. आगीचा भोंवरा त्या सामानावरून फिरला आणि या एकाच जागीं सुमारें ३८,००० माणसें मेलीं. १९३० मध्यें येथें स्मारकमंदिर उभारलें गेलें. भूकंपांतील आणि पुढें बाँबवर्षावांतील मिळून सुमारें १,६३,००० मृतांच्या अस्थि येथें आहेत. बागेच्या एका बाजूस १९७३ चें दुसरें एक स्मारक आहे. भूकंपानंतर खोट्या अफवा उठून ज्या कोरियन लोकांची हत्या झाली, त्यांचें तें. बाई तेथेंहि आम्हांला घेऊन गेल्या व घडलें तें सरळ शब्दांत सांगितलें. आपल्या शहराची लाज पाहुण्यापासून लपवूं नये, हें मला वाटाड्याचें सर्वांत मोठें लक्षण वाटलें.

दुपारीं भुयारी गाडीनें त्सुकिजीला आलों. येथील मोठा मासळीबाजार २०१८ मध्यें तोयोसूला गेला. बाहेरचीं दुकानें व खाणावळी तेवढ्या उरल्या आहेत. त्यांच्याजवळच त्सुकिजी होंगवानजी हें देऊळ आहे, आणि तें पाहून मराठी माणूस थबकतोच. दर्शनी भागावर कमान आहे ती अजिंठ्याच्या व कार्ल्याच्या चैत्यगवाक्षाची! जुनें देऊळ भूकंपाच्या आगींत गेल्यावर १९३४ मध्यें इतो चूता या शिल्पज्ञानें हें देऊळ उभारलें. योकोआमीचें स्मारकमंदिरहि त्याचेंच. १९०२ पासून तीन वर्षें तो चीन, हिंदुस्थान व तुर्कस्थान हिंडला होता. बौद्ध धर्माचें देऊळ बांधावयाचें, तर त्या धर्माच्या जन्मभूमीकडे वळावें, असा त्याचा विचार.

निहोनबाशी पुलावर फार थांबलों नाहीं. देशांतील रस्त्यांचीं अंतरें येथून मोजतात. १९११ चा हा सुंदर दगडी पूल १९६३ पासून मोटाररस्त्याच्या सांवलींत दडला आहे. तो उंच रस्ता भुयारांत नेण्याचें काम चालू आहे.

शेवटीं राजवाड्याच्या पूर्व उद्यानांत गेलों. हें उद्यान सोमवारीं व शुक्रवारीं बंद असतें, हें ध्यानांत ठेवावें. एदोचा किल्ला तो हाच. आंत सुमारें अकरा मीटर उंचीचा प्रचंड दगडी चौथरा आहे आणि त्यावर कांहींच नाहीं. "लोक विचारतात, किल्ला कोठें आहे?" बाई हंसून म्हणाल्या. १६५७ च्या आगींत शहराचा मोठा भाग जळाला, त्याबरोबर या चौथऱ्यावरील मुख्य बुरूजहि गेला. चौथरा पुन्हां बांधला गेला. परंतु शोगुनचा काका होशिना मासायुकी यानें सल्ला दिला कीं, बुरूज केवळ दूरवर पाहण्याच्या उपयोगाचा. पैसा लोकांचीं घरें उभारण्याकडे लागावा. तो सल्ला मानला गेला. साडेतीनशेंहून अधिक वर्षें चौथरा रिकामाच आहे. एकटा गेलों असतों, तर त्या रिकाम्या दगडांवर मीं दोन मिनिटेंहि घालविलीं नसतीं.

संध्याकाळीं स्टेशनवर निरोप घेतांना मीं थोडे पैसे अधिक देऊं केले. बाईंनीं ते दोन्ही हातांनीं परत केले, वांकून नमस्कार केला आणि त्या गर्दींत मिसळून गेल्या.

दुसऱ्या दिवशीं सकाळ मोकळी होती, म्हणून आम्ही दोघेंच पुन्हां आसाकुसाला गेलों. कंदिलाखालीं छायाचित्रें काढून घेणाऱ्यांची गर्दी कालच्यासारखीच होती. जळलेल्या झाडापाशीं मात्र कोणीहि उभें नव्हतें.