आधी सगळं बाहेर, मग हवं ते आत

किडनी रक्त गाळते, एवढं शाळेत शिकलो आणि विषय तिथेच मिटला. पण तिची गाळण्याची रीत विलक्षण आहे, थोडी वेडगळच म्हणा ना. रक्तातली घाण शोधून काढण्याच्या फंदात ती फारशी पडत नाही. दिवाळीच्या साफसफाईत केर हुडकत बसण्याऐवजी अख्खं घर अंगणात रिकामं करावं आणि हवं तेवढंच सामान परत आत न्यावं, तसा तिचा कारभार.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव रक्तातून गाळतात. अंगात रक्तातला द्रवभाग जेमतेम 3 लिटर. म्हणजे तोच दिवसातून साठएक वेळा गाळला जातो. लघवी होते मात्र दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं परत रक्तात. त्या 180 लिटरांत जवळपास दीड किलो मीठ असतं, त्यातलं बाहेर पडतं काही ग्रॅम. निरोगी माणसात साखर तर जवळजवळ कणन्‌कण परत घेतली जाते.

एवढा खटाटोप कशासाठी? यात एक खोल शहाणपण आहे. नकोशा वस्तूंची यादी कधीच पुरी होत नाही. हव्याशा वस्तूंची होते. ओळखीचं परत घेतलं की बरंचसं अनोळखी आपसूकच बाहेर जातं.

हे काम करतात नेफ्रॉन. एकेका किडनीत ते सुमारे 10 लाख असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुंता, तीच चाळणी. पुढे बारीक नळी, तिथे परत घेण्याचं काम. काही नळ्या किडनीच्या गाभ्यात खोल उतरून पुन्हा वर वळतात. हा गाभा रक्ताच्या चौपट खारट होऊ शकतो, आणि तो खारटपणाच शेवटी लघवीतलं पाणी ओढून घेतो. अमेरिकेच्या वाळवंटातला कांगारू उंदीर याच युक्तीच्या जोरावर पाण्याचा थेंबही न पिता जगतो.

गाळण्यापलीकडेही किडनीचे उद्योग आहेत. रक्तदाब सांभाळणं, ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप देणं, आणि हाडांतल्या मगजाला तांबड्या पेशी बनवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक तयार करणं. म्हणून किडनी थकली की माणूस फिका पडतो, जिने चढताना दम लागतो, हाडं ठिसूळ होतात, आणि कुणाच्या मनात किडनी येतच नाही.

मेलेला नेफ्रॉन पुन्हा उगवत नाही. उरलेले त्याचं काम वाटून घेतात. म्हणूनच एक किडनी दान केलेला माणूस सहसा निरोगी जगतो. पण मधुमेह किंवा उच्च रक्तदाब वर्षानुवर्षं चाळणीला छळत असेल, तर जादा भाराने उरलेलेही एकेक करून मरतात. आणि बाहेर काहीच दिसत नाही. गाळण्याची निम्मी क्षमता गेली तरी क्रिएटिनिन या रक्तातल्या टाकाऊ पदार्थाचा आकडा ‘नॉर्मल’च्या आत असू शकतो! मला तरी ही किडनीची सहनशीलता माणसाला महागात पडणारी वाटते. ती क्षमता दर मिनिटाला 60 मिलिलिटरच्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिली तर तो दीर्घकालीन आजार. 15 च्या खाली गेली की किडनी निकामी.

मग डायलिसिस. 1943 साली नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये विलेम कोल्फ या डॉक्टरने सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या वापरून पहिलं उपयोगी यंत्र उभं केलं. आजचं यंत्र कितीतरी सरस, तरी ते बहुधा आठवड्यातून तीनदा, चार-चार तासच चालतं. संप्रेरकं ते बनवत नाहीच. त्यासाठी इंजेक्शनं घ्यावी लागतात.

तेव्हा मधुमेह किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन, दोन्ही तपासून घ्या. चाळणी फाटू लागली की बहुतेकदा आधी अल्ब्युमिन गळतं. आणि गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मनाने रोज घेऊ नका; त्याही किडनीला इजा करू शकतात.