ड्रायरखालून पाणी गळते?

सोलापुरी टर्किश टॉवेल नवा असताना धुण्यात पुष्कळ तूस सोडतो. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या निचऱ्याच्या नळीत हेच तूस अडकते.

ड्रायरखाली पाणी दिसताच पायांत रबरी चप्पल घालून, कोरड्या हाताने बटण बंद करावे व प्लग काढावा. मग नळी पाहावी. ती मुडपली, उंच टांगली किंवा तुंबली असेल तर पाणी साचून राहते. तूस काढून नळी सरळ, जमिनीलगत ठेवावी.

नळी मोकळी असूनही ड्रायरच्या मधोमध खाली पाणी ठिबकत असेल, तर दांड्याभोवतीचे रबरी सील बहुधा झिजलेले असते. ते पाणी खालच्या मोटारीवर पडून शॉक बसू शकतो. म्हणून सील बदलेपर्यंत ड्रायर लावू नये. मिस्त्रीकडून अर्थिंगही तपासून घ्यावे. तोवर कपडे हातानेच पिळावेत.