नवापूरचा धडा : नवे संशोधन वेळेवर कळावे

फेब्रुवारी २००६मध्ये महाराष्ट्रातल्या नवापूरच्या पोल्ट्रींत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला. भारतातली ती पहिली नोंद. २०२१मध्ये बर्ड फ्लू तिथे पुन्हा आला. २०२४मध्ये अमेरिकेत एच५एन१ चक्क दुभत्या गायींमध्ये आढळला. विषाणू असा बदलत असताना पशुवैद्यकाने केवळ जुन्या पुस्तकांवर विसंबणे धोक्याचे आहे. ‘पबमेड’ या शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीवर एखादा शोध जतन करून साप्ताहिक सूचना निवडली, की त्या विषयावरच्या नव्या शोधनिबंधांची यादी दर आठवड्याला ईमेलने विनामूल्य येते.

अशा याद्यांच्या गर्दीत महत्त्वाचे हरवेल, हा आक्षेप रास्त आहे. पण विषाणूच्या नावाला कोंबड्या, लस असे नेमके शब्द जोडले की यादी आटोपशीर होते. सूचना निबंधाचा दर्जा तपासत नाही, हेही खरे. ती पारख वाचणाऱ्यानेच करायची. मात्र त्यासाठी निबंध आधी त्याच्यापर्यंत पोहोचायला हवा.