ताटावर लक्ष टिकावे म्हणून
स्मृतिभ्रंश बळावला की पोटात भूक असूनही जेवण अर्धवट राहते. ताटावर लक्ष टिकत नाही आणि रंगांतला फरकही नीट टिपता येत नाही. पांढऱ्या बशीतला दहीभात नजरेतून सुटू शकतो. बॉस्टन विद्यापीठाच्या २००४ मधल्या छोट्या अभ्यासात पांढऱ्याऐवजी गडद लाल भांडी दिल्यावर अशा रुग्णांचे खाणे सरासरी २५ टक्के, तर पिणे ८४ टक्के वाढले. गडद निळ्यानेही फरक पडला, फिक्या रंगांनी नाही.

गिरगाव-लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत टीव्ही, शेजारपाजार, गणपतीतले ढोल सारे एकदम कानावर येते. जेवणापुरता टीव्ही बंद ठेवावा, दार लोटावे, समोर एकच पदार्थ असावा. रुग्णाला ताठ बसवून मऊ वरणभाताचा छोटा घास द्यावा. तो गिळल्यावरच पुढचा. वारंवार ठसका लागल्यास डॉक्टरांना दाखवावे.