अंगस्थिती दिलेल्या मानवाकृतीची भूदृश्य-चित्रण सॉफ्टवेअरमध्ये आयात : मापाचा प्रश्न आणि अध्यापनातील उपयोग

सारांश

संगणकावर मानवाकृतीला अंगस्थिती देणारी सॉफ्टवेअर आणि डोंगर, आकाश, पाणी यांचे वास्तवसदृश चित्रण करणारी सॉफ्टवेअर या दोन स्वतंत्र परंपरा आहेत. एकीतील आकृती दुसरीत नेताना नेमके काय जाते, काय गळते आणि काय नव्याने ठरवावे लागते, याचे स्पष्टीकरण प्रस्तुत लेखात केले आहे. आयातीतील बहुतेक अडचणींच्या मुळाशी मापाचा प्रश्न असतो आणि शैक्षणिक चित्रात तो केवळ सौंदर्याचा न राहता सत्याचा प्रश्न होतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : त्रिमितीय आकृती, अंगस्थिती, भूदृश्य-चित्रण, ओबीजे स्वरूप, प्रमाणमाप.

१. प्रस्तावना

इतिहास, भूगोल, पुरातत्त्व आणि पर्यावरणशास्त्र या विषयांच्या अध्यापनात संगणकनिर्मित दृश्यांचा वापर वाढला आहे. एखाद्या किल्ल्याचा तट, नदीचे पात्र किंवा प्राचीन वसाहत कशी दिसत असेल, हे दाखविण्यासाठी अशी दृश्ये तयार केली जातात. या दृश्यात माणूस उभा केला की पाहणारा प्रथम त्याच्याकडे पाहतो आणि नकळत त्याच्याच उंचीने बाकीचे सर्व काही मोजतो. माणूस हा चित्रातील मोजपट्टीच असतो. ही मोजपट्टी चुकीची असेल, तर डोंगर आणि तट कितीही काळजीपूर्वक रेखाटले तरी विद्यार्थ्याचा अंदाज चुकतो.

एक साधे उदाहरण घेऊ. तटाची उंची ८ मीटर आहे आणि शेजारी १.७ मीटर उंचीचा मनुष्य उभा आहे. तट त्याच्या सुमारे पावणेपाच पट दिसेल. आयातीच्या वेळी तीच आकृती २.१ मीटर उंच झाली, तर तट तिच्या ३.८ पटच दिसेल. पाहणारा मात्र माणूस नेहमीच्याच उंचीचा आहे असे धरून चालतो. म्हणून त्याच्या मनात तटाची उंची सुमारे साडेसहा मीटर अशी नोंदली जाईल. चित्रात कोठेही उघड चूक दिसणार नाही आणि तरीही चित्र खोटे बोलेल.

२. दोन परंपरा, दोन मापे

पोझर या सॉफ्टवेअरची निर्मिती लॅरी वाइनबर्ग यांनी केली व त्याची पहिली आवृत्ती १९९५ मध्ये फ्रॅक्टल डिझाइन या अमेरिकन कंपनीने प्रकाशित केली. चित्रकार सरावासाठी सांधे हलणारी लाकडी बाहुली वापरतात. त्या बाहुलीला संगणकीय पर्याय देणे ही त्यामागची मूळ कल्पना होती. पुढे मालकी अनेकदा बदलली, तरी ती कल्पना कायम राहिली. २००५ मध्ये आलेले डॅझ स्टुडिओ हे त्याच प्रकारचे दुसरे प्रमुख सॉफ्टवेअर होय.

दुसरीकडे, अमेरिकेतील युटा राज्यातील ब्राइस कॅनियनचे नाव धारण करणारे ब्राइस हे सॉफ्टवेअर १९९४ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले. एरिक वेंगर आणि काय क्राउस ही नावे त्याच्याशी निगडित आहेत. फ्रान्समधील ई-ऑन कंपनीचे व्ह्यू आणि इंग्लंडमधील मॅट फेअरक्लो यांचे टेराजेन ही याच परंपरेतील पुढची नावे. या सॉफ्टवेअरचा विषय डोंगर, ढग, धुके आणि क्षितिज हा आहे.

पहिल्या परंपरेचे माप बोटाच्या पेरापासून सुरू होते, तर दुसरीचे किलोमीटरमध्ये विचार करते. आयात म्हणजे या दोन मापांची एकाच चौकटीत घातलेली सांगड होय.

३. आयातीत नेमके काय जाते?

पोझरमधील आकृतीचे चार घटक असतात : बहुभुजांची जाळी, तिला हलविणारा अस्थिसांगाडा, त्वचा व कपडे यांची पोत-चित्रे आणि पृष्ठभागाचे गुणधर्म. दोन सॉफ्टवेअरमधील सर्वांत जुना व आजही चालणारा दुवा म्हणजे वेव्हफ्रंट कंपनीने रूढ केलेले ओबीजे हे स्वरूप. ही एक साधी मजकूर-फाइल असते. तिच्यात शिरोबिंदूंचे क्ष, य आणि झ हे सहनिर्देशक, पोत-चित्राचे सहनिर्देशक आणि कोणते शिरोबिंदू जोडून कोणते पृष्ठ तयार होते याची यादी असते. सोबतच्या एमटीएल फाइलमध्ये रंग, चकाकी, पारदर्शकता आणि पोत-चित्रांची नावे असतात.

या फाइलमध्ये अस्थिसांगाडा नसतो. त्यामुळे निर्यातीच्या क्षणी असलेली अंगस्थिती गोठते आणि आकृतीचा पुतळा होतो. भूदृश्यात गेल्यावर तिचा हात उचलता येत नाही. त्यासाठी मूळ सॉफ्टवेअरमध्ये परतून नव्याने निर्यात करावी लागते. म्हणून पोझरमधील मूळ दृश्य जपून ठेवणे हा पहिला नियम होय.

निर्यात करताना शरीराच्या भागांमधील शिवणी सांधण्याचा पर्याय पोझरमध्ये असतो. तो निवडला नाही, तर खांदा, मांडी, मान अशा ठिकाणी जाळीचे तुकडे सुटे राहतात आणि चित्रणात तेथे बारीक रेषा उमटू शकतात.

४. एककाविना संख्या

ओबीजे फाइलमध्ये संख्या असतात, पण त्यांचे एकक नसते. ०.७ ही संख्या मीटर आहे, फूट आहे की आणखी काही, हे फाइल सांगत नाही. पोझरच्या अंतर्गत मापात पूर्ण वाढ झालेल्या माणसाची उंची एका एककाहूनही कमी भरते. जे सॉफ्टवेअर एका एककास एक मीटर समजते, त्यात हा माणूस गुडघ्याएवढ्या झुडपाच्या उंचीचा होतो.

अशी विसंगती टाळण्यासाठी काही सॉफ्टवेअर आयातीच्या वेळी आकृती आपोआप सोयीच्या आकाराची करण्याचा पर्याय देतात. ही सोय धोक्याची आहे. आई आणि मूल वेगवेगळ्या फाइलींतून आयात केले आणि दोन्ही वेळा असा पर्याय चालू राहिला, तर दोघे सारख्याच उंचीचे होऊ शकतात. म्हणून ज्या आकृतींचे परस्परप्रमाण महत्त्वाचे आहे, त्या एकाच फाइलमधून न्याव्यात.

प्रमाण ठरविण्याची खात्रीची पद्धत सोपी आहे. भूदृश्यात प्रथम १.७ मीटर उंचीचा साधा चौकोनी ठोकळा उभा करावा, आकृती त्याच्या शेजारी आणावी आणि तिन्ही अक्षांवर सारख्याच गुणकाने लहानमोठी करावी. केवळ उंची ताणल्यास शरीराची ठेवण बिघडते. मिळालेला गुणक लिहून ठेवल्यास पुढील प्रत्येक आकृतीसाठी तोच वापरता येतो.

अक्षांचा प्रश्नही याच जातीचा आहे. पोझरमध्ये ‘वर’ म्हणजे य-अक्ष, तर व्ह्यूमध्ये ‘वर’ म्हणजे झ-अक्ष. ही अदलाबदल झाली नाही, तर आयात केलेली आकृती जमिनीवर आडवी पडलेली आढळते. तिला ९० अंशांत फिरविले की दोष दूर होतो.

५. पाऊल आणि उतार

पोझरमधील जमीन सपाट असते, डोंगराची नसते. २० अंशांच्या उतारावर चढणाऱ्या माणसाच्या दोन पावलांमध्ये ६० सेंटिमीटर आडवे अंतर असेल, तर पुढचे पाऊल मागच्यापेक्षा सुमारे २२ सेंटिमीटर वर असले पाहिजे. सपाट जमिनीवर चालणारी आकृती तशीच उतारावर आणली, तर तिचे एक पाऊल मातीत रुतते किंवा दुसरे हवेत तरंगते. आकृती तिरपी करून हा दोष झाकता येत नाही, कारण उतारावरही माणूस आपला तोल सरळच सांभाळतो. वाकतात ते घोटे, गुडघे आणि कंबर.

म्हणून योग्य क्रम उलटा आहे. प्रथम भूदृश्यातील जागा निश्चित करावी. तेथील उताराएवढी तिरपी फळी पोझरमध्ये ठेवावी, किंवा सॉफ्टवेअर परवानगी देत असेल तर भूरूपाचा तेवढाच तुकडा ओबीजे स्वरूपात पोझरमध्ये आणावा आणि त्यावर पावले टेकवून अंगस्थिती द्यावी. जमीन आधी आणि माणूस नंतर, हा क्रम पाळल्यास पुष्कळ श्रम वाचतात.

६. पोत-चित्रे आणि पारदर्शकता

त्वचेचा रंग जाळीत नसतो. तो स्वतंत्र चित्र-फाइलमध्ये असतो आणि एमटीएल फाइल केवळ तिचे नाव व ठिकाण सांगते. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली आणि चित्रे मागे राहिली, तर आकृती एकरंगी, चुन्याच्या पुतळ्यासारखी दिसते. जाळी, एमटीएल आणि सर्व चित्रे एकाच फोल्डरमध्ये ठेवणे हा त्यावरचा उपाय.

केस आणि पापण्या यांचे प्रकरण अधिक नाजूक आहे. त्या प्रत्यक्षात सपाट पट्ट्या असतात व करड्या छटांच्या पारदर्शकता-चित्रामुळे त्यांचा काही भाग अदृश्य होतो. पोझरमध्ये पांढरा भाग दृश्य आणि काळा भाग अदृश्य असतो. आयात करणाऱ्या सॉफ्टवेअरने याचा अर्थ उलटा लावला किंवा ते चित्र वाचलेच नाही, तर पापण्यांच्या जागी ठोकळेबाज पट्ट्या दिसतात. अशा वेळी ते चित्र हाताने जोडून, गरजेनुसार उलटे करावे लागते.

शिवाय २००२ मधील पोझर ५ पासून पृष्ठभागाचे गुणधर्म परस्परांशी जोडलेल्या घटकांच्या साखळीने ठरविता येऊ लागले. ही साखळी साध्या एमटीएल फाइलमध्ये मावत नाही. तिचा केवळ ढोबळ अवशेष पोहोचतो. व्ह्यूच्या पुढील आवृत्त्यांमध्ये पोझरचे मूळ दृश्य थेट उघडण्याची सोय आली आणि ही गळती कमी झाली, परंतु संपली नाही.

७. प्रकाश आणि हवा

पोझरमधील दिवे छायाचित्रकाराच्या खोलीतील दिव्यांसारखे असतात. भूदृश्यात सूर्य एकच असतो. म्हणून मूळ दिवे सोबत आणू नयेत आणि त्वचेची अतिरिक्त चकाकी कमी करावी. सावली हे प्रमाण तपासण्याचे उत्तम साधन आहे. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना १.७ मीटर उंचीच्या माणसाची सपाट जमिनीवरील सावली सुमारे २.९ मीटर पडली पाहिजे.

धुक्याचा परिणाम अंतरावर अवलंबून असतो. आकृती आणि तिचा परिसर चुकून दहापट मोठा झाला, तर तीच चौकट साधण्यासाठी कॅमेरा दहापट दूर न्यावा लागतो आणि मधल्या हवेमुळे जवळचा माणूसही दूरच्या डोंगरासारखा निळसर, फिकट दिसतो. चेहरा विनाकारण धूसर दिसल्यास धुके कमी करण्यापूर्वी माप तपासावे.

८. भूरूपाची मर्यादा

आतापर्यंत माणसाच्या मापाचा विचार केला. जमिनीच्या मापाचाही करावयास हवा. एंडेव्हर या अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये रडारद्वारे केलेल्या सर्वेक्षणातील उंचीची माहिती अध्यापकांना उपलब्ध आहे. तिची सुमारे ३० मीटर अंतराची आवृत्ती अमेरिकेबाहेरील प्रदेशांसाठी २०१४ पासून टप्प्याटप्प्याने खुली झाली. म्हणजे उंचीच्या दोन नोंदींमध्ये सतरा-अठरा माणसे डोक्याला पाय लावून आडवी झोपू शकतील. मधली जमीन सॉफ्टवेअर अनुमानाने भरते.

ही माहिती अनेकदा करड्या छटांच्या चित्राच्या रूपात भूदृश्य-सॉफ्टवेअरला दिली जाते. ८ बिटांच्या चित्रात २५६ छटा असतात. कोकणच्या किनाऱ्यापासून १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाई शिखरापर्यंतचा प्रदेश अशा चित्रात बसविल्यास प्रत्येक छटेमागे उंची सुमारे साडेसहा मीटरने बदलते. परिणामी उतारावर खोट्या पायऱ्या उमटतात आणि प्रत्येक पायरी माणसाच्या जवळजवळ चौपट उंच असते. सह्याद्रीच्या बाबतीत हा दोष विशेष फसवा आहे, कारण बेसॉल्टच्या थरांमुळे तेथे खऱ्याही पायऱ्या आहेत. भूगोलाचा विद्यार्थी संगणकाच्या मर्यादेला लाव्हाचा थर समजण्याची शक्यता असते. १६ बिटांचे चित्र वापरल्यास छटा ६५,५३६ होतात आणि हा दोष टळतो. तथापि मूळ नोंदीच पूर्ण मीटरमध्ये असल्याने त्यापेक्षा अधिक सूक्ष्मता हाती येत नाही. माणसाच्या पायाखालची जमीन ही बहुतांशी चित्रकाराचीच निर्मिती असते, याची जाणीव ठेवणे इष्ट.

९. आजची स्थिती

साधने बदलत आहेत. व्ह्यूचा व्यावसायिक विकास २०२४ मध्ये थांबविण्यात आला आणि ते विनामूल्य खुले करण्यात आले. एफबीएक्ससारखी स्वरूपे अस्थिसांगाडाही वाहून नेतात. २०१५ मध्ये आलेल्या जीएलटीएफ या स्वरूपाच्या नियमांतच लांबीचे एकक मीटर आणि ‘वर’ म्हणजे य-अक्ष असे ठरवून दिले आहे. संख्येसोबत एकक असलेच पाहिजे, हा शाळेतील विज्ञानाच्या वहीतील नियमच येथे मान्य झाला, असे म्हणता येईल. तरीही जुन्या आकृतींचे मोठे संग्रह ओबीजे व पोझर स्वरूपांत असल्याने वरील विवेचन कालबाह्य झालेले नाही.

१०. निष्कर्ष

(१) ओबीजे स्वरूपातील आयातीत आकार आणि पोत यांचा संदर्भ पोहोचतो. सांगाडा आणि एकक पोहोचत नाही.

(२) प्रमाण ज्ञात उंचीच्या ठोकळ्याशी ताडूनच ठरवावे. आपोआप आकार बदलणाऱ्या सोयीवर विसंबू नये.

(३) आधी जमीन आणि नंतर अंगस्थिती, हा क्रम ठेवावा.

(४) तयार आकृती आदर्शीकृत शरीराच्या असतात आणि त्यांचे कपडे विशिष्ट आकृतीसाठी बेतलेले असतात. ऐतिहासिक दृश्यात त्या जशाच्या तशा उभ्या केल्यास शरीरयष्टी व पेहराव यांविषयी पुराव्याविना विधान केल्यासारखे होते.

(५) वर्गात दाखविलेल्या अशा प्रत्येक चित्राखाली आकृतीची गृहीत उंची, भूरूपाच्या माहितीचे अंतर आणि कल्पनेने भरलेले भाग यांची नोंद द्यावी.

नकाशावर प्रमाणपट्टी नसेल तर भूगोलाचा अध्यापक तो नकाशा स्वीकारत नाही. संगणकीय भूदृश्यातील मानवाकृती हीच त्या दृश्याची प्रमाणपट्टी असल्याने तिच्या बाबतीतही तोच आग्रह धरणे आवश्यक आहे.