घडी मोडल्याशिवाय कपडा आपला होत नाही
आवरलेलं घर : लेखांक ६

आमच्याकडे लोणावळ्यात गणपती उठले, की कपडे उन्हाला टाकायचे असतात. ज्येष्ठात सुरू झालेल्या पावसानं तोवर भिंती पाझरलेल्या असतात, आणि कपाट उघडलं की आधी कुबट वास येतो. सहा वर्षांपूर्वी अशाच एका दिवशी मी मागच्या कप्प्यातला गठ्ठा ओढून काढला. चौदा कुर्ते निघाले. त्यातल्या नऊंना किमतीच्या चिठ्ठ्या तशाच लटकत होत्या, आणि घडीच्या रेघांवर बुरशीचे राखाडी ठिपके उमटले होते. पुढच्या कप्प्यातले रोजचे सहा-सात कपडे मात्र धडधाकट होते.

कारण साधं आहे. सुती कापड म्हणजे सेल्युलोज, आणि बुरशीला तेच खाद्य लागतं. कापडाला खळ असेल तर आणखी सोपं, कारण खळ म्हणजे पिठूळ अन्नच. त्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावातली दमट हवा, आणि गच्च भरलेलं, वारा न शिरणारं कपाट. रोजच्या कपड्याला पाणी, ऊन, इस्त्री, वारा लागत राहतो, म्हणून तो वाचतो. वापरलेलं टिकलं होतं आणि जपून ठेवलेलं कुजलं होतं. त्या दुपारी गच्चीवर बसून मला रडू आलं. पैसे गेले याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठा प्रश्न समोर पडला होता: घालायचेच नव्हते, तर मी हे घेतले कशासाठी?

मराठीत नवी साडी पहिल्यांदा नेसण्याला ‘घडी मोडणं’ म्हणतात. कित्येक घरांत नवी साडी आधी लेकीला, नणंदेला किंवा जावेला नेसायला देतात. ‘तू घडी मोड’ असं कौतुकानं सांगतात. या शब्दात एक समज दडलेली आहे. दुकानातून आणलेलं कापड अजून दुकानाचंच असतं. घडी मोडली, अंगाची ऊब लागली, की ते घरचं होतं. माझ्या कपाटात चौदा विकत घेतलेल्या घड्या होत्या. आपले म्हणावेत असे कपडे त्यात नव्हते.

ओढ नेमकी कशाची असते?

मेंदूतल्या डोपामीन या रसायनाचा संबंध वस्तू मिळाल्याच्या सुखापेक्षा ‘आता मिळणार’ या अपेक्षेशी अधिक आहे. वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांवर केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं. सुरुवातीला फळांचा रस तोंडात पडला की त्यांच्या मेंदूतल्या डोपामीन स्रवणाऱ्या पेशी उद्दीपित होत. पुढे रसाआधी मिळणारी खूण ओळखीची झाली, तशा त्या खुणेलाच उद्दीपित होऊ लागल्या. रात्री साडेदहाला मोबाइलवर रंग चाळताना, माप निवडताना आपल्याला जो उत्साह वाटतो, तो या खुणेचा. पार्सल दारात येतं तोवर तो ओसरलेला असतो. म्हणून पिशवी न फोडता कप्प्यात जाते आणि बोट पुन्हा मोबाइलकडे वळतं.

पूर्वी या ओढीला आपोआप बांध होता. आमच्या मावळातल्या माणसाला चांगलं कापड घ्यायचं तर पुणं गाठावं लागे. लोणावळा ते पुणे लोहमार्गानं ६४ किलोमीटर. लोकलनं शिवाजीनगरला उतरायचं, लक्ष्मी रस्ता पालथा घालायचा, परतीची गाडी पकडायची. सगळा दिवस जाई. लग्नाचा बस्ता बांधायला तर चार बायका, दोन जाणती माणसं बरोबर असत. कुणीतरी पदर चिमटीत धरून पोत पाहत असे, कुणीतरी ‘हा रंग आहे की तुझ्याकडे’ म्हणत असे. तो वेळ, ती माणसं आणि तो चिमटीतला स्पर्श म्हणजेच विचार करायला मिळालेली उसंत होती. आता कामशेतच्या किंवा वडगावच्या घरातही दोन मिनिटांत मागणी नोंदवता येते. घेण्याची सोय झाली हे चांगलंच आहे. मात्र ती उसंत गेली. ती आपण मुद्दाम परत आणायची आहे.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगते. आवड, हौस वेगळी आणि न आवरणारी खरेदी वेगळी. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अनिवार खरेदीची नोंद मनोविकारांत केली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही आवेग-नियंत्रणाच्या विकारांत तिचा उल्लेख आहे. खरेदी घरच्यांपासून लपवावी लागत असेल, त्यासाठी कर्ज होत असेल, ठरवूनही थांबता येत नसेल, तर हा स्वभावाचा दोष मानून स्वतःला बोल लावू नका. यावर उपचार आहेत, समुपदेशनानं फरक पडतो. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आधी नोंद, मग निश्चय

लोणावळ्यातच १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन केली. योगक्रियांविषयी जे सांगितलं जातं ते क्ष-किरणांनी आणि मोजमापांनी तपासून पाहायचं, ही त्यांची रीत होती. योगातल्या यमांमधला अपरिग्रह आपल्या सर्वांच्या कानावर असतो. परिग्रह म्हणजे चहूबाजूंनी धरून ठेवणं. पण ‘सोडा’ म्हटल्यानं सुटत नाही, हे मी अनुभवलंय. तीन वेळा शपथ घेतली, तीनही वेळा मोडली. मग शपथ बाजूला ठेवून त्यांच्यासारखं नुसतं मोजायला लागले.

दुधाचा हिशेब लिहितो त्याच दिनदर्शिकेवर मी लिहू लागले. कपडा घ्यावासा वाटला की त्या तारखेच्या चौकटीत तीन गोष्टी: वेळ, मनाची अवस्था, कपडा. घ्यायचा की नाही, ते पंधरा दिवसांनी त्या चौकटीकडे परत येऊन ठरवायचं. दोन महिन्यांत चित्र समोर आलं. बहुतेक नोंदी रात्री दहानंतरच्या होत्या, आणि अवस्थेच्या जागी ‘दमले’ किंवा ‘एकटं वाटतंय’ असं लिहिलेलं होतं. पंधरा दिवसांनी बहुतेक कपडे मला आठवतसुद्धा नव्हते. म्हणजे मला कुर्ता हवा नव्हता, सोबत हवी होती. त्या वेळी मी बहिणीला फोन करू लागले. मोबाइलमध्ये साठवलेली कार्डाची माहिती काढून टाकली, सवलतींचे संदेश बंद केले. एवढ्यानंच लढाई निम्म्यानं हलकी झाली.

मावळाच्या हवेचं कपाट

घटस्थापनेआधी गोधड्यांपासून पडद्यांपर्यंत सगळं धुवायची आपली रीत आहेच. त्याच आठवड्यात कपाट पूर्ण रिकामं करा. प्रत्येक कपडा हातात घ्या आणि विचारा: गेल्या वर्षात हा किती वेळा घातला? जे राहतील ते घडी आतल्या बाजूला करून ठेवा. घातलेला कपडा परत ठेवताना घडी बाहेर करा. पुढच्या वर्षी उत्तर कपाटच देईल.

हिशेबही मांडून पाहा. ४०० रुपयांचा कुर्ता एकदाच घातला तर एका वेळेचे ४०० रुपये झाले. ३,००० रुपयांची साडी साठ वेळा नेसली तर एका वेळेला ५० पडले. स्वस्त कोणतं, ते वापर ठरवतो.

मग ठेवायचं काय? आपल्या हवेला काय चालतं ते. आषाढ-श्रावणात घरातल्या दोरीवर एका रात्रीत वाळेल असं हलकं कापड, घोट्याच्या वर राहणारी सलवार, चिखलाचे शिंतोडे पचवणारा गडद रंग. पौषातल्या थंडीला एक चांगली शाल. उन्हाळ्याला मऊ सुती. रेशमी आणि जरीच्या साड्या मोजक्या असाव्यात आणि त्या सुती पंच्यात गुंडाळाव्यात. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नयेत, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर घडीवर कापड चिरतं. कप्प्यात हात सहज फिरेल एवढी जागा मोकळी ठेवा. वारा शिरला की बुरशी मागे हटते.

आणि गावातल्या शिंप्याची ओळख ठेवा. माझ्या चौदांपैकी चार कुर्ते धुऊन, उन्हात तापवून वाचले. ते मी का घातले नव्हते, हे शिंपीकाकांनी एका नजरेत सांगितलं: ‘ताई, खांदा उतरतोय.’ शिवण घेतली, बाह्या आखूड केल्या. त्यातला निळा कुर्ता आज माझा सर्वांत लाडका आहे. कपडा अंगाला बसला की मन शांत होतं, आणि शांत मन दुसरा शोधत नाही. आवडीच्या कपड्यांचं कपाट मला असं एकेक शिवण उसवून, बसवून मिळालं.

उरलेल्या दहांचं काय केलं? त्यातल्या त्यात धड होते ते बोहारणीला दिले. तिनं बदल्यात स्टीलचा डबा दिला. तिनं नेलेलं कापड धुऊन, सांधून जुन्या बाजारात पोहोचतं आणि तिथे कुणीतरी त्याची घडी मोडतं. माझ्याकडे ते कधीच घडलं नसतं.

या आठवड्यात एकच करा. ‘चांगल्या प्रसंगाला’ म्हणून ठेवलेला एक कपडा काढा आणि साध्या मंगळवारी घाला. बाजारात, लोकलमध्ये, बँकेत. दिवसभर तो अंगावर कसा वाटतो ते पाहा. संध्याकाळी उतरवताना पुन्हा घालावासा वाटला, तर त्याची घडी बाहेर करून ठेवा. नाही वाटला, तर त्याला दुसरं घर मिळू द्या. दोन्ही वेळेला घडी मोडलेली असेल.

पुढच्या लेखांकात: आहेरात आलेल्या, देण्याघेण्याच्या साड्या, आणि त्यांची गोधडी.