मज्जातंतूंचा विकार व उंच प्रदेशाचा प्रवास

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे आपल्या मराठवाड्यांतून पुष्कळ यात्रेकरू केदारनाथास जातात. त्यांत वडील माणसें बरीच असतात, व मधुमेहानें पायांचे मज्जातंतू दुबळे झालेलीं कांहीं असतातच. अशा मनुष्यास उंच प्रदेश कसा फसवितो, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं समजून घेण्याजोगें आहे.

जालना समुद्रसपाटीपासून सुमारें 500 मीटर उंच, तर केदारनाथ 3,583 मीटर. तेथेंही हवेंत प्राणवायु शेंकडा 21 च असतो. परंतु हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें दोन तृतीयांशच असल्यामुळें प्रत्येक श्वासांत तो कमी येतो. डोकें दुखणें, मळमळणें हीं पहिलीं लक्षणें. क्वचित् मेंदूस सूज येते, व मनुष्य झिंगल्यासारखा चालूं लागतो. ही खूण दिसतांच त्यास विलंब न करितां खालीं उतरविलें पाहिजे.

पण ज्याच्या तळव्यांस जमीन नीट कळत नाहीं, तो जालन्याच्या सपाट रस्त्यावरही डगमगतो. मग वर गेल्यावर दिसणारें डगमगणें जुनें कीं नवें, हें कोणीं ठरवावें? यासाठीं निघण्यापूर्वीं घरींच त्यास सरळ रेषेवर, मागच्या पावलाच्या बोटांस पुढच्या पावलाची टांच लावीत, चालावयास सांगावें, व तोल किती जातो तें नातवंडांनीं वहींत टिपावें. ती वही प्रवासांत बरोबर असावी. आजोबा हंसतील, हंसूं द्यावें.

मुंग्यांचेंही तसेंच. उंचीच्या त्रासावर देतात तें ॲसिटाझोलामाइड निरोगी माणसाच्याही बोटांत मुंग्या आणतें. हें ठाऊक नसल्यास रोगच बळावला असें वाटतें. तें घ्यावें कीं नाहीं, हें डॉक्टरांनींच सांगावें.

गौरीकुंडापासून वर सुमारें 16 किलोमीटरांची चढण आहे. बूट चावला तर निरोगी मनुष्य थांबतो. बधिर पायाचा मनुष्य फोड फुटून मोजा भिजेपर्यंत चालतच राहतो. गारठलेले तळवे शेगडीजवळ धरले, तर भाजल्याचेंही त्यास कळत नाहीं. म्हणून नवे बूट यात्रेसाठीं राखून ठेवूं नयेत, महिनाभर आधीं घरीं वापरावे. दर मुक्कामास त्याचे तळवे दुसऱ्यानें दिव्याखालीं पाहावे, व पाय धुण्याचें पाणी किती ऊन आहे तें सोबत्यानें आपल्या कोपरानें पाहावें. इन्सुलिनची कुपी गोठूं न देतां अंगावरील कपड्यांत ठेवावी.

हेलिकॉप्टरनें गेल्यास पायांचे हाल वांचतात खरे, पण शरीरास उंचीची संवय होण्यास अवधि मिळत नाहीं. अशांनीं खालीं एक-दोन रात्री काढून मग वर जावें, आणि शक्य तर त्याच दिवशीं परतावें.